करुणा, शाळा आणि हक्क : मिशन संस्थांतील विशेष शिक्षण व विद्यार्थी साहाय्याचा ऐतिहासिक मागोवा (विशेष संदर्भ : महाराष्ट्र)

प्रस्तावना :

फर्दापूर हे छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) जिल्ह्याच्या सोयगाव तालुक्यातील, अजिंठा लेण्यांच्या पायथ्याशी वसलेले गाव. खानदेशातून दख्खनकडे जाणारा जुना रस्ता येथूनच घाट चढतो. १९४८ पूर्वी हा मुलूख निजामाच्या राज्यात होता आणि त्याला लागून असलेला खानदेश ब्रिटिशांच्या मुंबई इलाख्यात. दोन राजवटींच्या सीमेवरील अशा गावात एखादे मूल ऐकू न येणारे, कमी दिसणारे वा अक्षरांशी झुंजणारे जन्माला आले, तर त्याच्या पालकांपुढे दीर्घकाळ दोनच मार्ग होते. मुलाला दूरच्या शहरातील निवासी विशेष शाळेत पाठवायचे, किंवा गावच्या शाळेत शेवटच्या बाकावर बसवून कालांतराने घरी ठेवायचे. ज्या शाळेत भावंडे जातात त्याच शाळेत, पण आवश्यक त्या साहाय्यासह शिकण्याचा तिसरा मार्ग कायद्याने आज मान्य केला आहे. व्यवहारात मात्र तो अजूनही अरुंद आहे.

हे दोन मार्ग एकमेकांपासून इतके दूर का गेले, हा प्रश्न केवळ आजच्या धोरणाचा नाही. त्याची मुळे एकोणिसाव्या शतकातील मिशन संस्थांच्या शिक्षणकार्यात शोधावी लागतात, कारण भारतात अपंग मुलांच्या शाळांचा आरंभ प्रामुख्याने ख्रिस्ती मिशन संस्थांनी केला. जागतिक पातळीवर या कार्यात लूथरन परंपरेचा वाटा लक्षणीय आहे. मराठी प्रदेशात तो अन्य प्रोटेस्टंट व कॅथलिक संस्थांकडे गेला. प्रस्तुत लेखात या वाटचालीचा ऐतिहासिक आढावा घेऊन, विशेष शिक्षण सर्वसामान्य शाळेबाहेर का राहिले याची कारणमीमांसा करण्याचा प्रयत्न केला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे :

१) लूथरन शिक्षणपरंपरेतील विशेष शिक्षणाच्या विचाराचा व संस्थात्मक स्वरूपाचा परिचय करून घेणे.
२) महाराष्ट्रातील मिशन संस्थांनी अंध व कर्णबधिर मुलांसाठी केलेल्या कार्याचा आढावा घेणे.
३) विशेष शाळा व सर्वसामान्य शाळा यांच्यातील विभागणीची ऐतिहासिक कारणे तपासणे.
४) स्वातंत्र्योत्तर कायदे व धोरणे यांच्या संदर्भात विद्यार्थी साहाय्य सेवांची स्थिती स्पष्ट करणे.

अभ्यास पद्धती :

प्रस्तुत लेखासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून संस्थांचा इतिहास, शिक्षणविषयक आयोगांच्या शिफारशी आणि कायदे यांचा आधार घेतला आहे. जुन्या संस्थांच्या नावांत व कागदपत्रांत आढळणारे ‘आंधळे’, ‘मुके’, ‘पांगळे’ हे शब्द आज वापरातून गेले आहेत. तथापि ‘मूकबधिर’, ‘अपंग’, ‘दिव्यांग’ हा शब्दांचा प्रवासही या इतिहासाचाच भाग असल्याने काळानुरूप संज्ञा तेथे तेथे वापरल्या आहेत.

१. लूथरन परंपरा : वाचणारा समाज आणि न वाचू शकणारे मूल

मार्टिन लूथरने १५२४ मध्ये जर्मन नगरांच्या कारभाऱ्यांना उद्देशून लिहिलेल्या पत्रात शाळा काढणे व चालविणे हे नगरसत्तेचे कर्तव्य असल्याचे प्रतिपादन केले. मुलांना शाळेत पाठविण्याबाबतचे त्याचे विवेचन १५३० मध्ये प्रसिद्ध झाले. प्रत्येकाने धर्मग्रंथ आपल्या भाषेत स्वतः वाचावा, या आग्रहातून प्रोटेस्टंट जगात शाळेला धार्मिक अधिष्ठान लाभले. मात्र याच आग्रहातून एक अवघड प्रश्नही उभा राहिला. श्रद्धा ही ऐकण्यातून येते आणि ज्ञान वाचण्यातून, असे मानले तर ज्याला ऐकू येत नाही वा दिसत नाही त्याचे स्थान कोणते?

या प्रश्नाला खुद्द लूथरच्या लेखनात एकच एक उत्तर नाही. १५२० च्या एका प्रवचनपर लेखनात त्याने कर्णबधिरांना धर्मसंस्कारापासून दूर ठेवू नये, अशी भूमिका घेतली. दुसरीकडे त्याच्या संभाषणांच्या म्हणून नोंदल्या गेलेल्या संग्रहात डेसाऊ येथील एका अपंग बालकाविषयी अत्यंत कठोर उद्गार आढळतात आणि ते मूल मानवी नसल्याचे तो सुचवितो. या नोंदीच्या अर्थाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. तरीही तीमधून त्या काळच्या समजुतीचे दर्शन घडते. एका बाजूला समावेश आणि दुसऱ्या बाजूला भय असा हा ताण पुढील चार शतके युरोपच्या शिक्षणात दिसत राहिला.

संस्थात्मक पातळीवर या परंपरेचा पाया हाले येथे घातला गेला. आउगुस्ट हेर्मान फ्रांके याने १६९५ मध्ये गरीब मुलांसाठी शाळा सुरू केली आणि १६९८ पासून तेथे अनाथाश्रमाची भव्य वास्तू उभी राहिली. शाळा, वसतिगृह, छापखाना, औषधालय व शिक्षक प्रशिक्षण यांचे एकत्रित संकुल हे हाले येथील प्रयोगाचे वैशिष्ट्य होते. याच केंद्रातून घडलेले बार्थोलोमेउस झीगनबाल्ग व हाइनरिख प्ल्युत्शाउ ९ जुलै १७०६ रोजी तरंगंबाडी येथे उतरले आणि भारतातील प्रोटेस्टंट मिशनकार्यास आरंभ झाला. स्थानिक भाषेतून शिक्षण, मुलींची शाळा व मुद्रण ही त्यांच्या कार्याची अंगे होती.

एकोणिसाव्या शतकात जर्मनीतील सेवाकार्याने वेगळे वळण घेतले. योहान हिनरिख विखर्न याने १८३३ मध्ये हॅम्बर्ग येथे निराधार मुलांसाठी ‘राउहेस हाउस’ ही संस्था स्थापन केली. बीलेफेल्टजवळ १८६७ मध्ये अपस्माराच्या रुग्णांसाठी ‘बेथेल’ या संस्थेची स्थापना झाली. अमेरिकेत स्थलांतरित झालेल्या जर्मन लूथरन समाजाने १८७३ मध्ये डेट्रॉइट येथे कर्णबधिर मुलांच्या शिक्षणास प्रारंभ केला. या कार्याचा उगम अनाथाश्रमात होता. विस्कॉन्सिन राज्यातील वॉटरटाउन येथे १९०४ मध्ये बौद्धिक अक्षमता असलेल्यांसाठी ‘बेथेस्डा’ ही संस्था उभी राहिली.

या संस्थांचा ढाचा बहुतांशी सारखा होता : गावाबाहेरची वास्तू, निवासी व्यवस्था, धर्मशिक्षण, हस्तव्यवसाय आणि देणग्यांवर चालणारा खर्च. डेट्रॉइटच्या संस्थेचा पुढील प्रवास या दृष्टीने उद्बोधक आहे. कर्णबधिरांच्या निवासी शाळेपासून आरंभ झालेले हे कार्य विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हळूहळू सर्वसामान्य लूथरन शाळांकडे वळले. वेगळ्या इमारतीत मुले आणण्याऐवजी, मुले ज्या शाळेत आहेत तेथे विशेष शिक्षक पाठविणे, संसाधन कक्ष उघडणे आणि वर्गशिक्षकाला मार्गदर्शन करणे असे त्याचे स्वरूप झाले. म्हणजेच विशेष शिक्षण हे ‘स्थळ’ न राहता ‘सेवा’ बनले. मराठी प्रदेशात हे स्थित्यंतर कितपत घडले, हे पुढे पाहावयाचे आहे.

२. मराठी प्रदेशातील मिशन क्षेत्रे

भारतातील लूथरन कार्य प्रामुख्याने तमिळ व तेलुगू प्रदेश, छोटानागपूर आणि मध्य प्रांत येथे केंद्रित झाले. मराठी भाषकांच्या निकट येणारे लूथरन क्षेत्र म्हणजे १८७७ पासून मध्य प्रांतात आलेल्या स्वीडिश मिशनचे. छिंदवाडा हे त्याचे एक महत्त्वाचे केंद्र होय. सौसर व पांढुर्णा या मराठीबहुल भागांना हे केंद्र जवळचे होते.

मराठी प्रदेशाची वाटणी मात्र अन्य मिशनांत झाली होती. मुंबई, अहमदनगर, सोलापूर व सातारा येथे अमेरिकन मराठी मिशन, कोल्हापूर-मिरज भागात अमेरिकन प्रेस्बिटेरियन, मुंबई, पुणे व नागपूर येथे स्कॉटिश मिशन, तर नाशिक व औरंगाबाद येथे चर्च मिशनरी सोसायटी असे स्थूलमानाने चित्र होते. जालना येथे रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी स्कॉटिश फ्री चर्चच्या वतीने कार्य केले आणि तेथे ‘बेथेल’ नावाची वसाहत स्थापन केली. जर्मनीतील बेथेल व जालन्याचे बेथेल यांचा परस्परसंबंध नाही. एकाच बायबलमधील नावाखाली एक वसाहत अपस्माराच्या रुग्णांसाठी आणि दुसरी नवख्रिस्ती ग्रामीण कुटुंबांसाठी उभी राहावी, यातून मात्र प्रदेशागणिक मिशनपुढील प्रश्न कसे भिन्न होते ते लक्षात येते. मराठवाड्यातील मिशनपुढे जातिबहिष्कृत समाजाचे प्राथमिक शिक्षण, शेती व दुष्काळ हे प्रश्न अग्रक्रमाचे होते. विशेष शिक्षणाच्या संस्था मुंबई-पुणे परिसरात एकवटल्या.

३. दुष्काळ आणि विशेष शाळांचा उदय

भारतातील कर्णबधिर मुलांची पहिली शाळा मुंबईत १८८५ च्या सुमारास कॅथलिक बिशप लिओ म्यूरिन यांच्या पुढाकाराने सुरू झाली. अंधांसाठीची पहिली शाळा अ‍ॅनी शार्प यांनी १८८७ मध्ये अमृतसर येथे स्थापन केली आणि १९०३ मध्ये ती डेहराडूनजवळील राजपूर येथे हलविण्यात आली. दक्षिणेत पाळयंकोट्टै येथेही अंध व कर्णबधिर मुलांसाठी मिशनच्या शाळा निघाल्या. अवघ्या पंधरा-वीस वर्षांत घडलेल्या या घटनांतून मिशन संस्थांमध्ये या प्रश्नाची जाणीव एकाच वेळी अनेक ठिकाणी जागी झाल्याचे दिसते.

मराठी प्रदेशात या कार्याला निर्णायक गती दिली ती दुष्काळाने. १८९६-९७ चा दुष्काळ, त्याच सुमारास आलेली प्लेगची साथ आणि पाठोपाठ १८९९-१९०० चा ‘छप्पन्याचा दुष्काळ’ यांमुळे अनाथ मुलांचे लोंढे मिशनच्या आश्रमांकडे वळले. कुपोषण, देवी व डोळ्यांचे विकार यांमुळे त्यांतील काही मुलांनी दृष्टी गमावलेली होती. अनाथाश्रमाच्या शाळेत पाटी-पेन्सिल व फळा यांवर आधारलेले शिक्षण सुरू झाले, तेव्हा ही मुले त्याबाहेर राहिली. विशेष शाळेची गरज अशा रीतीने अनाथाश्रमाच्या दैनंदिन अनुभवातून पुढे आली.

अमेरिकन मराठी मिशनच्या अ‍ॅना मिलार्ड यांनी १९०० मध्ये मुंबईत अंध मुलांची शाळा सुरू केली. हीच संस्था पुढे दादर स्कूल फॉर द ब्लाइंड म्हणून आणि त्यानंतर कमला मेहता यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली. एका मिशनरी महिलेने दुष्काळाच्या वर्षी उघडलेली ही शाळा मिशनचे आश्रयछत्र गेल्यावरही टिकली आणि अंध मुलींच्या शिक्षणाचे एक प्रमुख केंद्र बनली.

पंडिता रमाबाईंचे कार्य या इतिहासात स्वतंत्र उल्लेखास पात्र आहे. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत स्थापन झालेले शारदा सदन पुढे पुण्यास हलविण्यात आले. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून निराधार मुली व स्त्रिया आणल्या आणि त्यांच्यासाठी केडगाव येथे मुक्ती सदन उभारले. या मुलींमध्ये अंध मुलीही होत्या. रमाबाईंच्या कन्या मनोरमाबाई यांनी ब्रेल लिपी आत्मसात करून अंध मुलींना शिकविण्यास प्रारंभ केला. अंधांसाठीचा विभाग ‘बर्तीमी सदन’ या नावाने ओळखला जाऊ लागला. बायबलमधील बार्तीमय या दृष्टिहीन भिकाऱ्याचा संदर्भ त्या नावामागे आहे.

मुक्ती सदनाचे वेगळेपण असे की, तेथे अंध मुलींचा विभाग मोठ्या निवासी समूहाचा भाग होता. शेती, विणकाम, छापखाना, स्वयंपाकघर आणि शाळा अशी कामांची विविधता एकाच आवारात असल्याने अंध मुलगी ही केवळ अंधांच्या सहवासात वाढत नव्हती. आजच्या परिभाषेत याला समावेशन म्हणणे घाईचे ठरेल. समाजापासून तुटलेल्यांचाच तो समूह होता. परंतु अपंगत्व असलेली व नसलेली मुले एकत्र जगू शकतात, याचा हा मराठी भूमीवरील आरंभीचा व टिकाऊ अनुभव होता.

४. लिपीचा प्रश्न : मिशनकार्याची टिकाऊ देणगी

विशेष शाळांच्या इतिहासात इमारती व देणगीदार यांची नोंद तपशिलाने होते. लिपीचा प्रश्न मात्र दुर्लक्षित राहतो. वस्तुतः अंध मुलाला शिकविण्यासाठी प्रथम मराठी उमटविणारी ब्रेल हवी होती. सहा टिंबांच्या रचनेतून त्रेसष्ट चिन्हे तयार होतात. देवनागरीतील स्वर, व्यंजने, स्वरचिन्हे व जोडाक्षरे त्यांत बसवायची होती.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस व विसाव्याच्या आरंभी भारतात ब्रेलच्या अनेक पद्धती निर्माण झाल्या. मिशनरी जोशुआ नोल्स व त्यांचे सहकारी गार्थवेट यांनी मांडलेली ‘ओरिएंटल ब्रेल’, उत्तर भारतातील शिरेफ ब्रेल, बंगालमधील शाह ब्रेल आणि पश्चिम भारतातील नीलकंठराय ब्रेल या त्यांपैकी प्रमुख होत. यांतील नीलकंठराय छत्रपती हे स्वतः दृष्टिहीन होते. राणी व्हिक्टोरियाच्या स्मरणार्थ १९०२ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या व्हिक्टोरिया मेमोरियल अंधशाळेच्या जडणघडणीत त्यांचा मोठा वाटा होता. म्हणजेच मराठी-गुजराती ब्रेलच्या घडणीत मिशनबाहेरील भारतीय, आणि तेही स्वतः अंध असलेला शिक्षक, आरंभापासून सहभागी होता. विशेष शिक्षण ही केवळ परकीय देणगी होती, हे मत यामुळे तपासून घ्यावे लागते.

पद्धतींच्या या विविधतेची किंमत विद्यार्थ्यांनी मोजली. एका शाळेत शिकलेल्या मुलाला दुसऱ्या शाळेतील पुस्तक वाचता येईलच असे नव्हते. पुस्तके थोडी, ती हाताने टोचून तयार केलेली आणि त्यांतही लिपीभेद, अशी स्थिती होती. स्वातंत्र्यानंतर १९५१ मध्ये सर्व भारतीय भाषांसाठी ‘भारती ब्रेल’ ही समान पद्धती स्वीकारण्यात आली आणि हा प्रश्न बहुतांशी मिटला. या पद्धतीत अक्षरे उच्चाराच्या क्रमाने येतात. ‘कि’ लिहिताना डोळस मुलगा वेलांटी ‘क’च्या आधी काढतो. ब्रेल वाचणाऱ्या मुलाच्या बोटाखाली मात्र प्रथम ‘क’ येतो आणि नंतर ‘इ’. वर्गशिक्षकाला ही साधी गोष्ट ठाऊक नसेल, तर अंध मुलाचे शुद्धलेखन तपासताना त्याच्याकडून चूक होण्याचा संभव असतो. विशेष शिक्षकाचे ज्ञान सामान्य वर्गापर्यंत पोहोचण्याची गरज अशा तपशिलांतून स्पष्ट होते.

५. सर्वसामान्य मिशन शाळा दूर का राहिली?

अमेरिकन मराठी मिशनने मुंबईत १८१५ मध्येच मुलांची शाळा आणि १८२४ मध्ये मुलींची शाळा सुरू केली होती. पुढील दशकांत मिशन शाळांचे जाळे नगर, सोलापूर, नाशिक, जालना अशा भागांत पसरले. जातीच्या भिंती ओलांडून मुलांना एका वर्गात बसविण्याचे धाडस याच शाळांनी केले. तरीही त्यांनी अपंग मुलाला आपल्या वर्गात का सामावून घेतले नाही? याची तीन कारणे संभवतात.

पहिले कारण आर्थिक आहे. १८५४ च्या वुडच्या खलित्यानंतर खासगी शाळांना सरकारी अनुदान मिळू लागले. मुंबई इलाख्यात १८६० च्या दशकापासून हे अनुदान ‘निकालानुसार’ देण्याची पद्धत रूढ झाली. शिक्षण खात्याचा निरीक्षक येई, इयत्तावार परीक्षा घेई आणि उत्तीर्ण मुलांच्या प्रमाणात शाळेला रक्कम मिळे. अशा व्यवस्थेत ज्या मुलाला शिकविण्यास अधिक वेळ लागतो आणि जो ठराविक परीक्षेत उत्तीर्ण होण्याची शाश्वती नाही, ते मूल शाळेच्या दृष्टीने तोट्याचे ठरते. मिशनरी शिक्षक कितीही सहृदय असला, तरी शाळेचा जमाखर्च त्याला या मुलाकडे पाहू देत नव्हता. विसाव्या शतकाच्या आरंभी ही पद्धत मागे पडली. शाळेची प्रतिष्ठा निकालावर मोजण्याची सवय मात्र मागे उरली.

दुसरे कारण कायद्याचे आहे. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे कायदे विसाव्या शतकात होऊ लागले. आजारपण वा शारीरिक दुर्बलता हे मुलाच्या गैरहजेरीचे सबळ कारण मानण्याचा प्रघात या प्रकारच्या कायद्यांत होता. पालकाला दंडापासून वाचविणारी ही तरतूद मुलाला मात्र शाळेपासून वाचवीत होती. ज्या मुलाने शाळेत यावे अशी राज्याची अपेक्षाच नाही, त्याच्यासाठी शाळेने तयारी करण्याचे प्रयोजन उरत नव्हते.

तिसरे कारण वैचारिक आहे. मिशनच्या मनात विशेष शाळा ही सेवाकार्याची शाखा होती. तिची गणना दवाखाना, अनाथाश्रम व कुष्ठधाम यांच्या पंक्तीत होई, हायस्कुलाच्या पंक्तीत नव्हे. तिच्यासाठी वेगळा निधी, वेगळे देणगीदार आणि वेगळे अहवाल असत. परिणामी एकाच मिशनच्या दोन संस्था एकाच शहरात असूनही, अंधशाळेतील शिक्षिकेचे कौशल्य हायस्कुलातील शिक्षकाला उपयोगी पडावे अशी रचना निर्माण झाली नाही.

६. स्वातंत्र्योत्तर काळ : दान ते धोरण

स्वातंत्र्याच्या सुमारास विशेष शिक्षणाची सूत्रे मिशनकडून नागरी संस्थांकडे जाऊ लागली. मुंबईत १९४४ मध्ये वकील दांपत्याने आपल्या कन्येच्या गरजेतून बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी जय वकील शाळा सुरू केली. नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड १९५२ मध्ये, मेंदूच्या पक्षाघाताने बाधित मुलांसाठी स्पास्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया १९७२ मध्ये आणि बधिरांध मुलांसाठी हेलन केलर संस्था १९७७ मध्ये मुंबईत कार्यरत झाली. पालक, अपंग व्यक्ती व तज्ज्ञ हे आता संस्थांचे प्रवर्तक बनले. शहर मात्र तेच राहिले.

धोरणाच्या पातळीवर १९४४ च्या सार्जंट अहवालाने अपंगांच्या शिक्षणाला राष्ट्रीय शिक्षणाच्या आराखड्यात स्थान दिले. कोठारी आयोगाने (१९६४-६६) अशा मुलांना शक्य तेथे सर्वसामान्य शाळेत सामावून घेण्याची शिफारस केली. १९७४ मध्ये केंद्राने एकात्मिक शिक्षण योजना सुरू केली आणि १९८२ मध्ये ती समाजकल्याणाकडून शिक्षण खात्याकडे आली. पुनर्वसन परिषदेचा १९९२ चा कायदा, अपंग व्यक्तींसाठीचा १९९५ चा कायदा, २००१ पासूनचे सर्व शिक्षा अभियान, शिक्षण हक्क कायदा २००९ आणि दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ हे त्यानंतरचे टप्पे होत. शेवटच्या कायद्याने अपंगत्वाच्या प्रकारांची संख्या एकवीसवर नेली आणि त्यांत विशिष्ट अध्ययन अक्षमतेचाही समावेश केला. महाराष्ट्राने अशा विद्यार्थ्यांना शालान्त परीक्षेत सवलती देण्याचा निर्णय १९९६ मध्येच घेतला होता. तथापि त्यासाठी लागणाऱ्या प्रमाणपत्राची सोय आरंभी मुंबईतील मोजक्या सार्वजनिक रुग्णालयांभोवती राहिली आणि ग्रामीण विद्यार्थ्याला तिचा लाभ विलंबाने मिळू लागला.

या सर्व बदलांत एक जुनी रेषा कायम राहिली. महाराष्ट्रात विशेष शाळा समाजकल्याण, नंतर सामाजिक न्याय विभागाच्या अखत्यारीत आणि सर्वसामान्य शाळा शालेय शिक्षण विभागाच्या अखत्यारीत चालल्या. डिसेंबर २०२२ मध्ये स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग अस्तित्वात आला. त्यामुळे या विषयाला प्रशासकीय वजन प्राप्त झाले. परंतु विशेष शाळा ‘कल्याणा’कडे आणि सामान्य शाळा ‘शिक्षणा’कडे ही विभागणी पुसली गेली नाही. मिशनच्या अहवालातील ‘सेवाकार्य’ व ‘शिक्षणकार्य’ या दोन प्रकरणांचीच ही शासकीय आवृत्ती म्हणावी लागेल. एका शाळेतून दुसऱ्या शाळेत जाणाऱ्या मुलाला त्यामुळे केवळ वर्ग बदलावा लागत नाही, तर खाते बदलावे लागते.

अल्पसंख्याक संस्थांच्या संदर्भात आणखी एक पेच उद्भवला. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ च्या प्रमती निकालात शिक्षण हक्क कायदा अल्पसंख्याक शाळांना, त्या अनुदानित असोत वा विनाअनुदानित, लागू होत नसल्याचे ठरविले. २०२५ मध्ये त्याच न्यायालयाच्या एका खंडपीठाने या निर्णयाच्या फेरविचाराचा प्रश्न मोठ्या पीठापुढे नेण्याची भूमिका घेतली. दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने मात्र शासनाकडून निधी वा मान्यता मिळणाऱ्या शिक्षणसंस्थांकडून समावेशक शिक्षणाची अपेक्षा ठेवली आहे. ज्या ख्रिस्ती शाळांच्या पूर्वसूरींनी या देशात विशेष शिक्षणाचा प्रारंभ केला, त्यांच्या वारसांनी कायद्याच्या सवलतीआड थांबावे काय, हा प्रश्न न्यायालयीन असण्याहून अधिक ऐतिहासिक जबाबदारीचा आहे.

७. सेवा म्हणून विशेष शिक्षण

डेट्रॉइटच्या उदाहरणात दिसलेले ‘स्थळाकडून सेवेकडे’ हे स्थित्यंतर महाराष्ट्रात दोन ठिकाणी दिसते. पहिले ठिकाण उच्च शिक्षणाचे. मुंबईच्या सेंट झेविअर्स महाविद्यालयाने २००३ मध्ये दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी संसाधन केंद्र सुरू केले. मुद्रित पुस्तकांचे वाचनीय रूपांतर, संगणकावरील पडदावाचक प्रणाली आणि परीक्षेतील सोयी यांद्वारे विद्यार्थी सर्वसामान्य वर्गातच शिकू लागला. ख्रिस्ती संस्थेच्या सर्वसामान्य महाविद्यालयात विशेष साहाय्य उभे राहिल्याचे हे महत्त्वाचे उदाहरण होय. अंध विद्यार्थ्यांसाठी पुस्तकांचे रूपांतर करण्यास मोकळीक देणाऱ्या २०१२ च्या प्रताधिकार कायद्यातील दुरुस्तीसाठी झालेल्या प्रयत्नांतही या केंद्राचा सहभाग होता.

दुसरे ठिकाण ग्रामीण शाळेचे. समग्र शिक्षा योजनेअंतर्गत गट साधन केंद्राशी जोडलेले विशेष शिक्षक व तज्ज्ञ शाळांना भेटी देतात, मुलांची तपासणी व साहित्यवाटप यांत मदत करतात आणि वर्गशिक्षकांना मार्गदर्शन करतात. सोयगावसारख्या तालुक्यातील, विखुरलेल्या वस्त्यांच्या डोंगराळ भागात अशा फिरत्या शिक्षकाची भेट हीच विशेष शिक्षणाची एकमेव दृश्य खूण ठरते. अंतरे मोठी आणि शिक्षक थोडे असतील, तर महिन्यातून एखाद्या भेटीत ब्रेल वा सांकेतिक भाषा शिकविता येत नाही. केवळ नोंद होऊ शकते. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ च्या रजनीशकुमार पांडेय प्रकरणातील निर्णयानंतर २०२२ मध्ये विशेष शिक्षकांचे प्रमाण निश्चित करण्यात आले. प्राथमिक स्तरावर दहा विद्यार्थ्यांमागे एक आणि त्यावरील स्तरांवर पंधरा विद्यार्थ्यांमागे एक असे ते प्रमाण आहे. एकाच गावात अशी दहा मुले नसतील, तेथे हे प्रमाण शाळानिहाय न मोजता केंद्रनिहाय मोजून शिक्षक देणे आवश्यक ठरते.

निष्कर्ष :

१) लूथरन व अन्य प्रोटेस्टंट परंपरांनी शाळेला धार्मिक कर्तव्याचे स्थान दिले. अपंग मुलांसाठीचे कार्य मात्र निवासी सेवासंस्थांच्या रूपाने शाळेबाहेर विकसित झाले.
२) मराठी प्रदेशात विशेष शाळांचा उदय दुष्काळातील अनाथाश्रमांच्या अनुभवाशी निगडित आहे. दादरची अंधशाळा व केडगावचे मुक्ती सदन ही त्याची ठळक उदाहरणे होत.
३) ब्रेलचे भारतीय भाषांतील रूप व प्रशिक्षित शिक्षक ही या काळाची टिकाऊ देणगी असून तीत भारतीय, विशेषतः दृष्टिहीन, शिक्षकांचाही मोठा वाटा आहे.
४) निकालानुसार अनुदान, सक्तीच्या शिक्षणातील सूट आणि सेवाकार्याची वेगळी मांडणी या तीन कारणांनी सर्वसामान्य शाळा अपंग मुलापासून दूर राहिली.
५) ही विभागणी आजच्या प्रशासकीय रचनेत ‘कल्याण’ व ‘शिक्षण’ या रूपाने टिकून आहे. ती ओलांडण्यासाठी जुन्या विशेष शाळांचे रूपांतर परिसरातील सर्वसामान्य शाळांच्या साधन केंद्रांत होणे उपयुक्त ठरेल.

समारोप :

विशेष शाळांच्या संस्थापकांनी, इतर कोणी दार उघडत नसताना दार उघडले, हे त्यांचे ऋण नाकारता येत नाही. परंतु ते दार वेगळ्या इमारतीचे होते आणि ती इमारत शहरात होती. फर्दापूरसारख्या गावातील मुलाच्या दृष्टीने या सव्वाशे वर्षांच्या इतिहासाचे मूल्यमापन एका साध्या कसोटीवर करता येईल : घर न सोडता, भावंडांच्या सोबत, स्वतःच्या शाळेत त्याला शिकता येते काय? अध्यापक महाविद्यालयांतील प्रत्येक भावी शिक्षकाला ब्रेल व सांकेतिक भाषेची किमान ओळख देणे, ही त्या दिशेने महाविद्यालयीन प्राध्यापकांच्या हाती असलेली पहिली पायरी आहे.